दरवर्षी कौलं परतूनही घर गळतंय? आधी वासे बघा, कौलं नंतर

मे महिन्यात माणसं लावून कौलं परतली, फुटकी काढून नवी घातली, आढ्यावरचे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे, कोने (माथा झाकणारी कौलं) सिमेंटनं पक्के केले. जुलैत वारा सुटला आणि माजघरात त्याच जागी पुन्हा बादली ठेवावी लागली. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यातही कौलारू घरांची ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की काहींनी ती पावसाळ्याचा भाग म्हणून सोडून दिली आणि काहींनी कंटाळून कौलं उतरवली, पत्रे घातले. माझं म्हणणं असं, की बहुतेक घरांना या दोन्हींची गरज नव्हती. घर पुन्हा पुन्हा त्याच जागी गळतं तेव्हा दोष बहुधा कौलाखालच्या लाकडात, छपराच्या उतारात किंवा एखाद्या जोडात असतो, आणि आपण पैसे मात्र दरवर्षी कौलांवर घालतो.

पुढचं सगळं मंगलोरी कौलं, लाकडी वासे-रिपा (वासे म्हणजे आढ्यापासून उतारानं खाली येणारी लाकडं, रिपा म्हणजे त्यांवरच्या आडव्या पट्ट्या) आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती असलेल्या घरांबद्दल आहे. नळ्यांच्या जुन्या छपराचं गणित थोडं वेगळं, पण पाहणीची पद्धत तीच.

पाणी कधी येतं?

घरात थेंब पडतो ती जागा आणि कौलातून पाणी शिरतं ती जागा क्वचितच एक असते. आत आलेलं पाणी रिपेला धरून आडवं सरकतं, वाशाशी पोचलं की त्याच्या पोटाखालून उताराकडे धावतं, आणि जिथे गाठ, खिळा किंवा भिंत आडवी येईल तिथे सुटून खाली पडतं. म्हणून थेंबाच्या बरोबर वरचं कौल बदलून काही साधत नाही. शोध थेंबापासून आढ्याच्या दिशेनं, वर वर न्यायचा.

त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: गळतं ते नेमकं कसल्या पावसात? याच्या उत्तरात अर्धं निदान असतं.

फक्त वाऱ्याच्या पावसात गळत असेल आणि सरळ पडणाऱ्या पावसात घर कोरडं राहत असेल, तर कौलं फुटलेली नाहीत. वारा पाण्याला जोडांतून उलटं वर ढकलतोय. हे पश्चिम-नैऋत्येकडच्या पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) जास्त होतं, आणि त्यातही पडवीवर. याचं कारण बहुतेक घरांत सारखंच सापडतं. पूर्वी पडवी अरुंद होती, नंतर ती दोन-तीन हात पुढे वाढवली, पण भिंतीकडची उंची तीच राहिली. अंतर वाढलं, उंची वाढली नाही, म्हणजे उतार मेला. मोजायला सोपं आहे: भिंतीपासून वळचणीपर्यंतचं, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंतचं, आडवं अंतर घ्या आणि तेवढ्या अंतरात छप्पर किती चढतं ते बघा. दोन फुटांना एक फूट यापेक्षा कमी चढ असेल, तर कौल कितीही उत्तम असो, वाऱ्याचं पाणी आत येणारच. तीन फुटांना दोन फूट असा चढ मिळाला तर कोकणच्या पावसाला तो चांगला. किनारपट्टीवर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर त्याच्या दुपटीहूनही जास्त. इतक्या पाण्याला उतार देण्यात कंजूषी परवडत नाही.

मुसळधार सर कोसळते तेव्हाच गळत असेल, आणि तेही घराच्या एका कोपऱ्यात, तर दोन पाखी आतल्या बाजूनं जिथे मिळतात तिथला पत्र्याचा पन्हळ बघा. एल आकाराच्या घरात आणि मागे स्वयंपाकघर जोडलेल्या घरात तो असतोच. दोन पाख्यांचं पाणी एका अरुंद पन्हळात उतरतं, आंब्या-फणसाच्या पाचोळ्यानं तो तुंबतो, पाणी कडांवरून आत सांडतं. पन्हळ साफ केल्यावर गळती थांबली तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, त्याची रुंदी आणि कडांची उंची तपासा. पाच-सहा इंचांचे जुने पन्हळ या कामाला पुरत नाहीत. नवा घालताना किमान फूटभर रुंद, दोन्ही बाजूंनी कौलांखाली चांगला वीतभर घुसलेला, आणि कडेला वर वळवलेला घ्यावा.

दोन-तीन दिवसांची झड लागल्यावरच, एका जागी नव्हे तर पाखंभर, कौलांच्या पोटाला घाम यावा तसे बारीक थेंब दिसत असतील, तर कौल स्वतः पाणी पितंय. हा एकच प्रकार असा आहे, जिथे खरा दोष कौलाचा असतो. त्याची चाचणी पुढे सांगतो.

आणि भिंतीला लागून ओल उतरत असेल, तर पाखं आणि भिंत जिथे भेटतात तो जोड बघा. आजकाल जुन्या घराला स्लॅबची न्हाणी किंवा संडास जोडलेला असतो. जुनी चिऱ्याची भिंत एका गतीनं हलते, नवा स्लॅब वेगळ्या गतीनं, आणि मधली सिमेंटची पट्टी दरवर्षी त्याच रेषेत फुटते. तिथे सिमेंट कितीही वेळा भरलं तरी उपयोग नाही. भिंतीत खाच घेऊन त्यात पत्र्याची पट्टी अडकवायची आणि ती खालच्या छपरावर मोकळी सोडायची, म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या हलल्या तरी पाणी पट्टीवरून बाहेर जातं.

खुणा गणपतीत, काम शिमग्याआधी

पाहणी मे महिन्यात करण्याची आपली सवय मला मुळातच चुकीची वाटते. मे महिन्यात छप्पर खडखडीत कोरडं असतं, पाणी कुठून येतं याचा एकही पुरावा समोर नसतो. मृग सात-आठ जूनला उभा, गावातली माणसं एका वेळी दहा घरांत अडकलेली, सुताराला वेळ नाही. अशा घाईत कौलं वरवर परतली जातात, त्या निमित्तानं चार माणसं पाख्यावर चालतात, आणि बाहेरून न दिसणारे बारीक तडे नव्यानं पडतात. दरवर्षीच्या परतणीनंतर काही घरं जास्तच गळायला लागतात, त्याचं कारण हे आहे.

पाहणीचा खरा काळ गणपतीचा. मुंबई-पुण्याहून घरचे सगळे आलेले असतात, पाऊस अजून चालू असतो, लाकूड ओलं असतं. एका माणसानं विजेरी घेऊन माळ्यावर जावं आणि ओल दिसेल तिथे वाशावर खडूनं खूण करावी: थेंब पडतो तिथे फुली, आणि वर जिथून ओलीची रेषा सुरू होते तिथे गोल. फोनवर फोटो काढताना वाशांना आढ्याच्या एका टोकापासून क्रमांक द्या, नाहीतर दोन महिन्यांनी कुठला वासा कुठला ते कळत नाही. पाऊस थांबल्यावर भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून तोच माळा पुन्हा बघावा. कौलांच्या जोडांतून जिथे उजेडाचे ठिपके दिसतात ते गोलांशी जुळतात का ते पाहा. जुळले तर ती जागा पक्की.

न जुळल्यास पाण्याची नळी वापरा. पण नळी खालून वर न्यायची, हे महत्त्वाचं. आधी वळचणीच्या ओळी दहा-पंधरा मिनिटं भिजवा, आत कोरडं असेल तर वरच्या दोन ओळी, मग त्याच्या वरच्या. आढ्यापासून सुरुवात केली तर पाणी सगळ्या पाख्यावरून वाहतं आणि काहीच कळत नाही. आत एक माणूस बघायला हवा आणि त्यानं पाणी दिसताच हाक मारायला हवी.

लाकडाचं काम मात्र दिवाळीनंतर काढावं. तोवर वासे वाळतात, आणि सुतारालाही तेव्हा सवड असते. शिमग्याला छप्पर मिटलं की मे महिन्यात फक्त पाचोळा काढणं उरतं.

वाशांची तपासणी

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा आहे. कौल डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. वासा काळा पडलेला, धुरानं माखलेला, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

घराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, वाशांच्या पोटाला टेकेल अशी लाइनदोरी ताणा. दोरीपासून कुठला वासा खाली उतरलाय ते लगेच दिसतं. वासा वाकला की त्यावरची रीप वाकते, रीप वाकली की त्या ओळीतली कौलं एकमेकांपासून उघडतात. मंगलोरी कौल हे खाचेत खाच बसवणारं कौल आहे. तो जोड अर्ध्या इंचानं उघडला तरी त्याचं काम संपलं. अशा ओळीवर नवीकोरी कौलं घातलीत तरी तीही तशीच उघडणार, आणि पुढच्या वर्षी गळती त्याच जागी येणार. तुमची तक्रार 'दरवर्षी तिथेच' अशी असेल, तर मी सगळ्यांत आधी दोरी ताणेन.

वाशाचा पोक जुना आणि थांबलेला आहे, की अजून वाढतोय, हेही कळायला हवं. साग, ऐन, किंजळ यांचे जुने वासे दोन पिढ्यांपूर्वी थोडे बसून तसेच स्थिर राहिलेले असतात. त्यांना हात लावायची गरज नसते. वाशावर रिपा समपातळीत यायला लाकडी पट्ट्या ठोकल्या की काम होतं. पण दोन वर्षांत उतरलेला वासा म्हणजे आत काहीतरी खाल्लं गेलंय.

ते शोधायला एक जाड स्क्रूड्रायव्हर पुरतो. वाशाच्या मधोमध नव्हे, दोन टोकांना टोचायचं. एक टोक भिंतीत बसलेलं असतं. चिरा पाणी शोषून धरतो, म्हणून तिथे लाकूड महिनोन्महिने ओलं राहतं. दुसरं वळचणीला, जिथे वाऱ्यानं पागोळ्यांचं पाणी उलटं येतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक अर्धा इंचाहून जास्त सहज आत गेलं, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तो वासा वजन पेलण्याच्या हिशेबातून वगळा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुसा असेल तर लाकूड पोखरणारा किडा. भुसा झाडून टाका आणि आठवड्यानं बघा. ताजा पडला असेल तर कीड जिवंत आहे, नसेल तर ती जुनी गोष्ट.

वजनाचा अंदाज असू द्या, म्हणजे वाशाकडे दुर्लक्ष का करायचं नाही ते कळेल. १०० चौरस फुटांना साधारण १३० ते १५० कौलं लागतात, एकेक सुमारे अडीच किलोचं. ३०० चौरस फुटांच्या पाख्यावर म्हणजे सुमारे एक टन भार. चांगलं कौलही भिजल्यावर आपल्या वजनाच्या सहाव्या-पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरू शकतं, म्हणजे ऐन पावसाळ्यात त्याच पाख्यावर आणखी दोनशे किलोंपर्यंत भार चढतो. लाकूड सगळ्यांत ओलं आणि भार सगळ्यांत जास्त, हे दोन्ही एकाच वेळी होतं.

कौल पितं का?

पाखंभर घाम दिसला असेल तर वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा कौलं उतरवा. उन्हात चार दिवस वाळवा, स्वयंपाकघरातल्या किंवा दुकानातल्या काट्यावर वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. भारतीय मानकात मंगलोरी कौलांसाठी पाणी शोषणाची मर्यादा दर्जानुसार १८ ते २० टक्के आहे. अडीच किलोच्या कौलाचं वजन अर्ध्या किलोहून जास्त वाढलं, तर ते कौल थकलं. कोरड्या कौलाला बोटाच्या हाडानं वाजवून बघणंही जुनं आणि खात्रीचं आहे: खणखणीत वाजलं तर धड, बद्द वाजलं तर आत तडा. कौलाच्या पोटाला रिपेत अडकायला जे उंचवटे असतात तेही बघा. ते तुटले असतील तर कौल रिपेवर टिकत नाही, हळूहळू घसरतं.

थोडी कौलं बदलायची असतील तर सगळ्यांत मोठी अडचण मापाची येते. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ साली पहिला कारखाना काढला, त्यानंतर कर्नाटक-केरळात अनेक निघाले, पुढे गुजरातेतूनही कौलं येऊ लागली. प्रत्येकाचा साचा किंचित वेगळा. दिसायला सारखी असली तरी एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि जुन्या पाख्यात मधूनमधून घातलेली नवी कौलं हाच गळतीचा उगम होतो. कौल उलटं केलं की पोटावर कारखान्याचं नाव उमटवलेलं सापडतं. ते नाव बाजारात मिळत नसेल, तर माझा सल्ला असा: पडवीची सगळी जुनी कौलं उतरवा, त्यातली धड निवडून मुख्य पाख्याच्या दुरुस्तीला वापरा, आणि पडवीवर अखंड नवी घाला. दोन्ही पाख्यांवर आतल्या आत एकच साचा राहतो.

माकडांचं काय, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो, आणि तो रास्त आहे. वानरांची टोळी रोज पाख्यावरून उड्या मारत असेल तर कुठलंही कौल फुटणार. झाडाच्या छपरावर आलेल्या फांद्या छाटल्या तर त्यांची ये-जा कमी होते, पूर्ण थांबत नाही. ज्या घरांना हा त्रास कायमचा आहे, तिथे पत्र्याचा विचार करण्यात मला गैर वाटत नाही.

दुरुस्ती की नवं छप्पर

आता निर्णय. वासे आणि आढं धड, कौलं धड, फक्त जोड-पन्हळ-कोने बिघडलेले असतील, तर फक्त तेवढंच करा आणि पाख्यावर कोणाला चढू देऊ नका.

वासे धड, पण रिपा कुजलेल्या किंवा वाकलेल्या असतील, तर पाखं पूर्ण उघडून सगळ्या रिपा बदलाव्यात. तुकड्या-तुकड्यानं नको. रिपांतलं अंतर साधारण फूटभर असतं, म्हणून जितके चौरस फूट पाखं तितके फूट रीप, हा हिशेब तोंडी करता येतो: ३०० चौरस फुटांना सुमारे ३०० फूट. लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडाच्या रिपा दोन महिन्यांत पिळवटतात आणि नवं छप्पर पहिल्याच पावसात गळतं. आणि कौलं बदलणार असाल तर ती आधी अंगणात आणून ठेवा, दोन कौलं एकमेकांत बसवून माप घ्या, मगच रिपा ठोका. जुन्या मापानं ठोकलेल्या रिपांवर नव्या साच्याची कौलं घालणं ही चूक वारंवार होते, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही.

वाशांपैकी एखाद-दुसरा गेला असेल तर त्याच्या शेजारी जोडवासा घालून बोल्टनं आवळता येतो. भिंतीतलं टोक कुजलं असेल तर तेवढा भाग कापून दोन्ही बाजूंना पुरेशा लांबीच्या फळ्या लावूनही चालतं. पण चारांत एकाहून जास्त वासे टोचणीत नापास झाले, किंवा आढ्यात वा तुळईत कीड सापडली, तर पाखं संपूर्ण उतरवा. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठल्या नियमातला नाही. त्यामागचा विचार मजुरीचा: कौलं उतरवणं, रचणं, पुन्हा चढवणं हा खर्च एक वासा बदला की दहा, तितकाच येतो. तीन वर्षं दरवर्षी दोन वासे बदलणारा माणूस तीनदा ती मजुरी भरतो आणि प्रत्येक वेळी काही कौलं फोडतो.

उतारच कमी असेल तर मात्र कौलं, रिपा, वासे सगळं धड असूनही काम निघतं. भिंतीकडची बाजू उचलणं शक्य असेल तर उचला. नसेल, तर तेवढ्या पडवीपुरता पत्रा घाला आणि घरावर कौलं राहू द्या. यात कमीपणा काही नाही.

पत्रा घालण्याआधी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. दोन्ही वेळा हजारो छपरं उडाली, आणि त्यानंतर पत्र्यांकडे ओढा वाढला. पण वाऱ्याच्या बाबतीत दोन्हींचं वागणं समजून घ्या. कौल आपल्या वजनानं बसतं, चौरस मीटरला सुमारे ३५ किलो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा त्याच जागेत चार-पाच किलोचा, आणि तो फक्त स्क्रूंनी धरलेला. वादळात कौलं वळचणीची, कडेची आणि आढ्याची उडतात, मधली बहुतेक राहतात. पत्रा सुटला तर अख्खा सुटतो आणि दुसऱ्याच्या घरावर जाऊ शकतो.

म्हणून कौलं ठेवणार असाल तर वळचणीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि कोने तारेनं बांधून घ्या. कौलाच्या पोटाला त्यासाठीचं भोक बहुतेक साच्यांत असतं. तार तांब्याची किंवा चांगल्या जस्ताच्या मुलाम्याची हवी. पत्रे घालणार असाल तर कडेला आणि आढ्याला स्क्रू दाट घ्या, सांगाडा भिंतीत खोलवर अडकवा, नुसता टेकवू नका. खाऱ्या हवेत गंज आधी स्क्रूला आणि पाईपच्या उघड्या तोंडांना लागतो, आणि स्क्रूखालचा रबराचा वायसर उन्हानं तडकला की गळती तिथूनच सुरू होते. ते दर दोन-तीन वर्षांनी बघावे लागतात. पत्र्याखाली थंडीच्या पहाटे थेंब पडले तर घाबरू नका, ती हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमलेली असते. वारा खेळायला आढ्याखाली फट ठेवली की ती बरीच कमी होते.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर वेगळी काळजी. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक. कोरडे कापू नका, फोडू नका, काढताना भिजवून अखंड उतरवा. आणि त्यांच्यावर पाय कधीच देऊ नका, ते अचानक फुटतात आणि माणूस सरळ खाली येतो.

हे उपाय करू नका

गळणाऱ्या जागी कौलाखाली प्लॅस्टिकचा कागद खुपसणं सगळ्यांत नुकसानीचं. थेंब दिसायचा थांबतो, पण पाणी कागदावरून रिपेवर जमतं, लाकूड वाळत नाही, आणि दोन-तीन वर्षांत रीप बोटानं सुटते. पावसाळ्याच्या मध्यात नाइलाज झाला तर फुटक्या कौलावर बाहेरून डांबरी चिकटपट्टी लावा आणि त्या वाशाचा क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे हिवाळ्यात ते कौल बदलायचं विसरणार नाही.

कौलांना लाल रंग देऊन गळती थांबत नाही. रंगानं तडा बुजत नाही आणि उघडलेला जोड तर मुळीच नाही. आढ्यावर निव्वळ सिमेंटचा घट्ट मसाला भरला तर तो आकसून एका उन्हाळ्यात फुटतो. चुना मिसळलेला, थोडा मऊ मसाला तिथे जास्त टिकतो. आणि पाख्यावर डिश, पाण्याची टाकी, सौर हीटर बसवायचा असेल तर तो कौलांवर टेकवू नका, भिंतीवरून आधार घ्या.

वाळवी-किडीसाठी आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे. कातडीला लागलं तर भाजतं, त्यामुळे हातमोजे हवेत. आधी जिवंत वाळवी मारून, कुजलेलं लाकूड काढून मगच ते लावायचं. कुजक्यावर लावून फायदा नाही.

शेजारची न्हाणी स्लॅबची असेल आणि छताच्या पोटातून खपल्या पडून गंजलेल्या सळया दिसत असतील, तर तो गळतीचा नव्हे, मजबुतीचा प्रश्न आहे. वरून वॉटरप्रूफिंग करण्याआधी अभियंत्याला दाखवा.

काम करून घेताना

पाख्यावर चढण्याआधी घरात येणारी विजेची तार बंद करून घ्या, वळचणीजवळून जाणारी तार अनेकांच्या जिवावर बेतली आहे. ओल्या किंवा शेवाळलेल्या कौलांवर कोणालाही चढवू नका. चढावं लागलं तर वाशांवर भार येईल अशी आडवी फळी टाकून, कमरेला दोर बांधून. कौलांखाली गांधीलमाश्यांची पोळी आणि कधी साप असतात, ते आधी खालून बघा.

सुताराशी बोलताना 'छप्पर दुरुस्त करा' असं मोघम सांगू नका. खुणांचे फोटो दाखवा, 'दादा, सहावा आणि सातवा वासा भिंतीकडून टोचून बघा, मग सांगा' असं सांगा. वाशाच्या क्रमांकासह काय बदलणार ते कागदावर घ्या: किती फूट रीप, कुठलं लाकूड, किती कौलं, खिळे जस्ताचे की साधे. उतरवलेली कौलं जमिनीवर आडवी ढीग करून ठेवली तर खालची फुटतात. भिंतीला टेकवून उभी रचायला सांगा. त्यातली पन्नासेक धड कौलं आणि चार-पाच कोने पुढच्यासाठी बाजूला काढून ठेवा, तो साचा नंतर मिळेलच असं नाही.

काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर छपराचे आतून-बाहेरून तारखेसह फोटो काढून ठेवा. वादळात नुकसान झालं तर तलाठ्याच्या पंचनाम्याला आणि विमा असेल तर विम्यालाही ते लागतात. आणि मजुरीचा शेवटचा हिस्सा, सुताराशी आधीच बोलून, जूनमधल्या पहिल्या वाऱ्याच्या पावसापर्यंत राखून ठेवा. त्या दिवशी माळ्यावर जाऊन खडूचे जुने गोल कोरडे आहेत का ते बघा, आणि मगच तो चुकता करा.